उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र अपुरे का पडते?



वैशाखात नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि ज्या दिवसांसाठी वातानुकूलन यंत्र घेतले, नेमके त्याच दिवसांत ते अपुरे पडते. ‘गॅस संपला असेल’ हा अशा वेळचा पहिला निष्कर्ष असतो. तो बहुधा घाईचा ठरतो.

हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही; खोलीतील उष्णता शोषून ते बाहेर टाकते. त्यातील गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो, इंधनाप्रमाणे खर्च होत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. गळती न बुजविता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय.

दुसरी गोष्ट क्षमतेची. भारतीय मानकानुसार यंत्राची क्षमता बाहेरचे तापमान ३५ अंश धरून मोजली जाते. ४५ अंशांत तेच यंत्र कमी उष्णता बाहेर टाकू शकते. उलट छपरातून व भिंतींतून अधिक उष्णता आत येते. म्हणून भर दुपारी ते अखंड चालत राहिले, तर तेवढ्यावरून त्यात बिघाड आहे असे समजू नये.

मग परीक्षा कशी करावी? यंत्र पंधरा मिनिटे चालू द्यावे. साध्या तापमापकाने आत शिरणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोहोंत आठ ते बारा अंशांचा फरक असेल, तर यंत्र साधारणतः ठीक आहे. दोष खोलीत शोधावा. दाराखालील फट, पडदा नसलेली पश्चिमेची खिडकी, तापलेली गच्ची ही नेहमीची कारणे होत. गच्चीला पांढरा चुना दिल्याने पुष्कळ फरक पडतो.

फरक कमी असेल, तर प्रथम मुख्य बटण बंद करून आतील जाळी धुवावी. बाहेरच्या भागापुढील अडगळ हटवावी, त्यावरील धूळ काढावी. त्यावर सावली करावी, परंतु वारा अडवू नये. एवढ्याने भागले नाही, किंवा विजेचा दाब कमी असल्याचा संशय आला, तरच जाणत्या कारागिरास बोलवावे. अनेक नव्या यंत्रांतील गॅस ज्वलनशील असतो. तेथे स्वतः हात घालू नये.

आकडा १६ वर नेल्याने यंत्राची कमाल शक्ती वाढत नाही, वीज मात्र अधिक जाते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांत मूळ तापमान २४ अंश ठेवलेले असते. ते पंख्याच्या जोडीने बहुतेकांस पुरेसे होते.

शेवटी एक विनंती. घरात वृद्ध, तान्ही मुले वा आजारी माणसे असतील, तर दुरुस्तीची वाट पाहत त्यांना तापलेल्या खोलीत ठेवू नये. तळमजल्यावरील गार खोलीत हलवावे. शिक्षक व पंचायत सदस्य यांनी एवढी गोष्ट घरोघरी सांगितली, तरी उष्माघाताचे काही प्रसंग टळू शकतील.