वैनगंगेचा पूर आणि पावसाची बदलती चाल
(भाषणाचा मजकूर)



नदी राज्याची सीमा जाणत नाही. भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून आपला बालाघाट जिल्हा निर्माण झाला. पुढे राज्ये वेगळी झाली. परंतु सिवनी जिल्ह्यातून येणारी वैनगंगा आजही बालाघाट, गोंदिया व भंडारा यांना एका सूत्रात बांधून आहे. वरच्या गावचा पाऊस हा खालच्या गावाचाही प्रश्न होय.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस याचा प्रत्यय आला. वरच्या भागात मुसळधार पाऊस झाला, भीमगड येथील संजय सरोवराचे दरवाजे उघडावे लागले आणि पुराचे पाणी भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत शिरले. त्या सुमारास धरणे व तलाव भरलेले असतात, धानाच्या बांध्या तुडुंब असतात. नव्या पाण्यास जागाच उरत नाही. धरण आधी रिकामे ठेवावे, तर रब्बीच्या पाण्याची चिंता. हा पेच दरवर्षी सोडवावा लागतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. मोसमाचा एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. तापलेल्या अरबी समुद्रावरून अधिक बाष्प येते. हवा एक अंशाने तापली, की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धारण करू शकते.

एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दहा लाख लिटर पाणी आले. तेच पाणी दहा दिवसांत पडले, तर बरेचसे जमिनीत मुरते. एका रात्रीत पडले, तर नाल्याकडे धावते. म्हणून केवळ वार्षिक सरासरीवर विसंबणे, किंवा ‘इतके पाणी कधी आले नव्हते’ या वडीलधाऱ्यांच्या अनुभवावर निर्धास्त राहणे, आता परवडणारे नाही.

ग्रामस्थांनी पावसाळ्यापूर्वी तलावांच्या पाळी व सांडवे तपासावेत, नाल्याच्या पात्रात घरे बांधू नयेत. शिक्षकांनी शाळेत पर्जन्यमापक बसवून विद्यार्थ्यांकडून रोजची नोंद ठेवावी आणि २०२० ची पूररेषा भिंतीवर ठळक रंगवावी. अधिकाऱ्यांनी दरवाजे उघडण्याची सूचना राज्याची सीमा ओलांडून शेवटच्या गावापर्यंत, पाण्याच्या आधी, पोहोचवावी. रात्री वीज गेली, तर दवंडी हाच आधार असतो.

पाऊस आपल्या हाती नाही. परंतु सूचना आणि पाणी यांच्यातील काही तास आपल्या हाती आहेत. माणसे व गुरे वाचतात ती त्याच तासांत.