खांबाखालची फट
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हाच आम्ही म्हणालो, आम्ही काही वक्ते नव्हेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मशिनची फौंडेशनं करण्यात आमचा जन्म गेला. बोलू तर त्याच्यावरच बोलू. आणि विषयही लांबचा नाही. कार्यक्रम संपल्यावर गच्चीवर जा. पत्र्याच्या मंडपाचे सहा लोखंडी खांब आहेत, त्यांच्या बुडाला जाड पाट्या आहेत. पाटी आणि स्लॅब यांच्यामध्ये एक रुपयाचं नाणं घालून पाहा. चार खांबांखाली ते सहज आत जातं. मागच्या पावसाळ्यात वारा सुटला की मंडप कुरकुरायचा, तो याच्यामुळे.

आता कोणी म्हणेल, तिथे सिमेंट भरलं होतं की! भरलं होतं, बरोबर आहे. पण साधा सिमेंट-वाळूचा माल वाळताना आकसतो. त्याच्या आधीच, ओला असताना, जड माल खाली बसतो आणि पाणी वर सुटतं. हे पाणी नेमकं पाटीच्या पोटाला जाऊन थांबतं, उडून गेलं की तिथे पोकळी राहते. वरून पाहिलं तर काम गुळगुळीत दिसतं. पण सगळा भार तेवढ्या चार पॅकिंगच्या तुकड्यांवर उभा असतो.

यासाठी न आकसणारा, पाण्यासारखा वाहणारा ग्राउट मिळतो. तयार पावडर, २५ किलोची गोणी. त्यात सिमेंट आणि निवडक बारीक वाळू असते, शिवाय माल फुगवणारी द्रव्यं असतात. काही जातींत अॅल्युमिनियमची अगदी चिमूटभर भुकटी असते. सिमेंटच्या क्षाराशी तिची गाठ पडली की बारीक बारीक बुडबुडे सुटतात आणि माल ढोकळ्याच्या पिठासारखा किंचित वर येतो. काही जातींत घट्ट होताना स्फटिक वाढतात आणि पुढचं आकसणं भरून काढतात. एकूण काय, माल पाटीला खालून चिकटून राहतो, सोडत नाही. पुलाच्या खांबावर बेअरिंग बसवताना त्याच्याखालीही अशाच जातीचा माल ओततात.

ग्राउट शब्दाचा पसारा तसा मोठा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या उंच भागाला आडव्या भेगा पडल्या, त्या इपॉक्सी राळ दाबाने आत भरून बुजवल्या आणि मागून धरणाला टेकू बांधले. तिथला माल वेगळा. पण आतमध्ये पोकळी राहू द्यायची नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

आता जे सांगतो ते आमच्या चुकीचं आहे. खूप वर्षांपूर्वी एका कारखान्यात प्रेसखाली ग्राउट ओतायचा होता. गोणीवर लिहिलं होतं तेवढ्या पाण्यात माल हळू सरकत होता. ठेकेदाराचा माणूस डोक्यावर उभा, उरका उरका करत. आम्ही प्रत्येक गोणीला अर्धा डबा पाणी जास्त घातलं. माल सरसर पळाला, सगळे खूश! चार महिन्यांत मशिनचा आवाज बदलला. पाटीवर हातोडी मारली तर टणटण वाजायच्या जागी ढबढब वाजायला लागली. सगळं फोडून काढायची पाळी आली. जॅकवर मशिन उचलताना जॅक घसरला आणि आमच्या हाताखालच्या पोराची दोन बोटं गेली. तो आज या सभेत बसला आहे. नाव घेत नाही. त्याने आम्हाला कधी बोल लावला नाही, पण पाण्याचा डबा कोणाच्या हातात होता ते आम्हाला ठाऊक आहे.

म्हणून आपल्या मंडपाचं काम कसं करायचं ते नीट ऐका. विशेषतः नाक्यावर उभी राहणारी आपली पोरं जी इथे आहेत, त्यांनी. ज्याला हे काम येतं त्याला हेल्परची हजेरी घेऊन थांबावं लागत नाही.

आधी खांबाला पक्का आधार द्यायचा. मग जुना माल काढून स्लॅब छिन्नीने टोचून खडबडीत करायचा, धूळ झाडायची. गोणपाट टाकून रात्रभर भिजवायचं, नाहीतर कोरडा स्लॅब ग्राउटमधलं पाणी पिऊन टाकतो. सकाळी साचलेलं पाणी स्पंजने टिपायचं. चारी बाजूंनी फळ्या, आणि त्यांच्या फटी पुट्टीने बंद, कारण हा माल सुईच्या भोकातूनही पळतो. पाणी मापूनच, २५ किलोला साधारण चार ते साडेचार लिटर, पण गोणीवर असेल तोच आकडा खरा. फावड्याने कालवायचं नाही, ड्रिलला पाते लावून पाच मिनिटं घोटायचं. ओतायचं एकाच बाजूने, समोरून माल वर येईपर्यंत न थांबता. दोन्हीकडून ओतलं तर मध्ये हवा कोंडते. अर्ध्या तासात माल संपला पाहिजे. घट्ट झाला म्हणून त्यात पुन्हा पाणी घालायचं नाही. हातमोजे, चष्मा, तोंडाला फडकं हवंच. सिमेंट कातडी खातं. आणि सात दिवस ओलं गोणपाट.

खर्चाचं बोलणं झालं बैठकीत. गोणी साध्या सिमेंटच्या कितीतरी पट महाग, हे खरं आहे. महिला मंडळाने भिशीतून जमवलेला पैसा आहे, विचारणं रास्तच. हिशोब असा: फळ्यांच्या आतली जागा ४० बाय ४० सेंटिमीटर, जाडी ४ सेंटिमीटर, म्हणजे खांबाला ६.४ लिटर. सहा खांबांना ३८ लिटरच्या वर. एका गोणीत साडेबारा लिटरच्या आसपास माल होतो. सांडलवंड धरून चार गोण्या. मजुरी आम्ही घेणार नाही.

त्रिरश्मीवर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, तिथल्या दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा लेख आहे. आजारी भिक्खूंच्या औषधासाठी एका उपासिकेने ठेव ठेवली, ती गोवर्धनच्या कारागिरांच्या श्रेणींकडे. कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रं करणारे. आम्हाला त्या पाण्याच्या यंत्रवाल्यांचं फार कौतुक वाटतं. आमचेच भाऊबंद म्हणायचे! त्यांचंही मापाचं भांडं असेलच.

तर रविवारी सकाळी सात वाजता या. उन्हं चढायच्या आत ओतायचं आहे.

(छापायला देताना: सहाही खांब झाले. नाणं आता कुठेच जात नाही. साडेतीन गोण्या लागल्या. उरलेली अर्धी गोणी एका बंधूंनी घराच्या पायरीला मागितली होती. फोडलेली गोणी दमट हवेत आठवड्यात वाया जाते, म्हणून आम्ही दिली नाही. त्यांनी राग मानू नये.)