विमानाचे नाक

लखनौ शहराच्या नैऋत्येस अमौसी आहे. तेथील विमानतळाला आज चौधरी चरणसिंह यांचे नाव असले, तरी जुने लखनौकर त्याला अमौसीच म्हणतात. पौष महिन्यात या मैदानी मुलखावर धुक्याची जी दुलई पसरते, तिची कल्पना पुण्या-मुंबईच्या माणसाला सहसा येणार नाही. दहा पावलांवरचा मनुष्य दिसू नये, असे ते धुके. अशा वेळी वैमानिकाचे डोळे जवळजवळ निकामी होतात, आणि विमान खऱ्या अर्थाने नाकाने वाट काढू लागते.

धावपट्टीजवळून दोन रेडिओ-झोत सोडलेले असतात. एक डावे-उजवे सांगतो; दुसरा सुमारे तीन अंशांची उतरण दाखवितो. पुष्कळशा प्रवासी जेट विमानांत हे झोत टिपणारी एरियल नाकाच्या टोपणाखालीच बसविलेली असतात. त्यांच्या शेजारी हवामानाचे रडार असते. ते पुढील ढगांवर लहरी फेकते आणि पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून वादळाचा अंदाज देते.

आता अडचण पाहा. विमानाचे सर्वांत पुढचे अंग म्हणजे नाक. वारा, पाऊस, गारा, पक्षी यांची पहिली टक्कर त्याच्याशी. तेव्हा ते पोलादी असावे, असे आपल्यासारख्या सामान्य बुद्धीच्या माणसाला वाटते. पण धातूतून रेडिओ-लहरी आरपार जात नाहीत! म्हणून हे टोपण, ज्याला रेडोम म्हणतात, बहुधा काचतंतू व राळ यांच्या पातळ थरांचे करतात आणि त्या थरांमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी भरतात. रंगाचा थर जरा जाड झाला किंवा जाळीत पाणी मुरले, तरी रडारची दृष्टी मंदावते. वीज पडलीच तर तिला धडाकडे वळवून नेण्यासाठी टोपणावर धातूच्या बारीक पट्ट्या बसवितात.

असे हे नाजूक नाक वादळात सापडले तर? २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेले एक विमान गारपिटीत सापडले. आत दोनशेहून अधिक माणसे होती. विमान श्रीनगरला सुखरूप उतरले, तेव्हा त्याच्या नाकाला भगदाड पडलेले होते. ते छायाचित्र पाहून अनेकांच्या अंगावर काटा आला असेल. परंतु रेडोमच्या मागे एक भक्कम पडदी असते, आणि प्रवाशांसाठी कोंडलेली दाबाची हवा त्या पडदीच्या अलीकडे असते. पुढचे टोपण फुटले म्हणून ती हवा निसटून जात नाही. नाक फुटले तरी श्वास कोंडू नये, अशी ही योजना. वादळ दाखविणारे रडार मात्र नेमके त्याच फुटक्या टोपणाखाली असते, हेही विसरता येत नाही. शिवाय कोरड्या गारा रडारला ओल्या गारांपेक्षा पुष्कळच अंधुक दिसतात.

नाकाचा आकार वेगावर ठरतो. ध्वनीपेक्षा मंद जाणाऱ्या विमानाला गोलसर नाक पुरते. त्याहून वेगवान विमानाला ते अणकुचीदार लागते. कंकॉर्डचे नाक इतके लांब होते की उतरताना वैमानिकाला धावपट्टी दिसावी म्हणून ते साडेबारा अंश खाली झुकवीत. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनलेल्या मिग-२१ चा प्रकार आणखी निराळा. त्याचे नाक म्हणजे चक्क उघडे तोंड. इंजिनाची हवा तेथूनच आत जाई. मधोमध एक शंकू असे आणि वेगाबरोबर तो पुढे सरके. रडार त्या शंकूत कोंबलेले, म्हणून ते लहानच राहिले. हवाही नाकातून आणि दृष्टीही नाकातून, ही ओढाताण त्या विमानाला अखेरपर्यंत सुटली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ते भारतीय वायुदलातून निवृत्त झाले.

रेडोमची परीक्षा करण्याची एक रीत मला फार घरगुती वाटते. उन्हाळ्यात माठ घेताना आपल्या बायका तो बोटाने वाजवून पाहतात ना, तसाच कारागीर रेडोमवर नाण्याने किंवा लहानशा हातोडीने टकटक करीत जातो. स्वच्छ नाद आला तर थर एकजीव आहेत. आवाज बद्द आला, तर तेथे खूण करतात आणि टोपण दुरुस्तीसाठी उतरवितात.