‘थांबा’ म्हणणार कोण?



स्वागताध्यक्षाचा अधिकार खरं तर राहण्या-जेवणापुरताच. पण माइक हाती आलाच आहे, तर विषयावर थोडं बोलून घेतो.

एआयच्या नियमनाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच युरोपचा कायदा उघडतात. जरूर उघडावा. मला मात्र नैरोबीत जास्त रस आहे. २०२३ मध्ये तिथल्या केआयसीसी या परिषद केंद्राच्या आवारात ‘वर्ल्डकॉइन’ या आभासी चलनाच्या प्रकल्पासाठी रांगा लागल्या होत्या. चकचकीत गोल यंत्रात डोळे रोखायचे, आपण एआय नव्हे, माणूसच आहोत याचा पुरावा म्हणून बुबुळाचं चित्र द्यायचं आणि बदल्यात साधारण ७ हजार शिलिंगांच्या मोलाची आभासी नाणी घ्यायची. ऑगस्टमध्ये केनिया सरकारनं हा उद्योग बंद पाडला. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं ती सगळी माहिती पुसून टाकायला लावली. कशाच्या जोरावर? २०१९ च्या माहिती संरक्षण कायद्याच्या. एआयचा वेगळा कायदा तिथं नव्हताच.

ब्राझीलमध्येही तेच. एआय विधेयक सिनेटनं डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केलं. पण त्याआधीच, जुलैत, तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणानं मेटाला बजावलं होतं, की लोकांच्या पोस्ट वापरून एआयला शिकवणं थांबवा, नाहीतर रोज ५० हजार रेआल दंड. मेटाला ही रक्कम म्हणजे चिल्लर. तरी काम थांबलं. कंपनीनं अटी मान्य केल्यावर बंदी उठली.

आणि आपण? मार्च २०२४ मध्ये केंद्रानं अपुऱ्या चाचणीच्या एआयला सरकारी परवानगी सक्तीची करणारी सूचना काढली आणि पंधरवड्यात ती अट मागे घेतली. व्यक्तिगत माहितीचा कायदा ऑगस्ट २०२३ चा. त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये! नव्या कायद्याची घाई नको, हे केंद्राचं म्हणणं मला पटतं. हाती असलेला कायदा दोन वर्षं म्यानात ठेवणं पटत नाही. त्यातही सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहेच. राज्यातल्या पोलिसांना एआय पुरवणारी ‘मार्वल’ ही सरकारी कंपनी याच नागपुरातली. उद्या यंत्रानं भलत्याच माणसावर बोट ठेवलं, तर त्यानं दाद कुणाकडे मागायची? यावर तुम्ही दोन दिवसांत बोलावं, असा यजमानांचा आग्रह आहे.

जेवण एक वाजता. सावजीचा बेत आहे. पाहुण्यांसाठी तिखट कमी करायला सांगितलंय, पण आचाऱ्यानं ते कितपत मनावर घेतलंय, याची हमी समिती देत नाही. अध्यक्षमहाराज, सभा आता आपल्या हाती.