रोग्याची नोंद आणि तिची किल्ली

इंदापूर तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूस डाळज आहे. नाव एक, परंतु गावे तीन: डाळज नंबर १, २ व ३. पत्रावर नुसते 'डाळज' लिहिले तर ते भलतीकडे जावयाचे. आकडा असला म्हणजे बिनचूक पोहोचते. रोग्यांचेही तसेच आहे. एकाच नावाची माणसे पुष्कळ. म्हणून २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' ह्या योजनेत, ज्यास हवा त्यास १४ अंकी 'आभा' क्रमांक विनामूल्य मिळतो.

ह्याची निकड ऊसतोडीच्या हंगामात विशेष ध्यानी येते. बीडकडील जोडपी इंदापूर-बारामतीच्या फडांवर येतात. समजा, त्यांतील एका गर्भवतीचे पहिले बाळंतपण गावाकडे शस्त्रक्रियेने झाले आहे. येथे अपरात्री तिला कळा सुरू होतात. पोटावरचा व्रण नव्या डॉक्टरास दिसतो. परंतु आत गर्भाशयावर छेद आडवा घेतला होता की उभा, हे त्या व्रणावरून कळत नाही. छेद उभा असल्यास कळांच्या वेळी गर्भाशय फाटण्याचे भय अधिक. त्याचे उत्तर मात्र गावाकडच्या रुग्णालयात पडून असते.

ते येथे यावे कसे? सर्व रोग्यांची माहिती एका कोठारात साठवावी, असा ह्या योजनेचा बेत नाही. नोंद जेथे झाली तेथेच राहते व क्रमांकाशी जोडली जाते. दुसऱ्या डॉक्टरने ती मागितली, की कोणती नोंद, कशासाठी व किती काळ दाखवावयाची, ह्याची विचारणा रोग्याकडे होते. दिलेला होकार परतही घेता येतो.

खरी मेख येथेच आहे. होकार बहुधा मोबाइलवर द्यावयाचा. तो नवऱ्याच्या किंवा मुकादमाच्या खिशात असेल, तर देह बाईचा आणि किल्ली दुसऱ्याची, असे व्हावयाचे. शिवाय क्रमांक म्हणजे नोंद नव्हे. रुग्णालयाने छेदाची हकीकत संगणकात लिहून जोडलीच नसेल, तर ते १४ आकडे मुकेच राहणार.

तेव्हा नोंदणी करणाऱ्याने आकडा देऊन थांबू नये; होकार म्हणजे काय, हे बाईला तिच्या बोलीत समजावून सांगावे. आणि फडावर निघताना माता-बाल संरक्षण कार्ड व शस्त्रक्रियेचा कागद तिने गाठोड्यात आठवणीने बांधावा. सर्वत्र जोडणी पुरी होईपर्यंत डॉक्टरच्या त्या प्रश्नाचे उत्तर कागदातच मिळावयाचे आहे.