धुऊन वापरायची पिरियड पँटी

दिसायला साधी निकर, पण मधल्या पट्टीत तीन कामं चालतात: वरचा थर ओल खेचतो, मधला शोषतो, खालचा गळू देत नाही.

ब्रिटनमध्ये पॅडवरचा कर २०२१मध्ये गेला. ही पँटी मात्र ‘कपडा’ ठरली, म्हणून तिच्यावरचा कर १ जानेवारी २०२४पर्यंत राहिला. हा अन्यायच होता.

पुण्यात कचरावेचक महिलांना वापरलेली पॅड हातांनी वेगळी करावी लागतात. ती कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, अशी मोहीम त्यांच्यासाठीच निघाली. पँटी धुऊन वापरली, तर हा कचरा कमी होतो.

ही पँटी पहिल्यांदा घालायची तर घरी, कमी स्रावाच्या दिवशी. वापरल्यावर आधी थंड पाण्यात खळबळावी, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. फॅब्रिक सॉफ्टनर नको, शोषण कमी होतं. पावसाळ्यात जाड पट्टी लवकर वाळत नाही, त्यामुळे जादा जोड हवेतच.