हळदीचें मोल आणि सरकारचें माप

‘ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था’ हा शब्दप्रयोग हल्लीं वारंवार कानांवर येतो आणि तो ऐकतांच शहरांतील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें पुण्या-बेंगळुरूच्या काचेच्या इमारती उभ्या राहतात. हें चित्र खोटें नाहीं. अपुरें मात्र आहे. ज्या व्यवहारांत वस्तूच्या वजनापेक्षां तिच्याविषयींच्या ज्ञानाला अधिक किंमत येते, तो सारा व्यवहार याच अर्थव्यवस्थेंत मोडतो. मग तो डोंगरकड्यासारख्या गांवीं कां चालत असेना.

डोंगरकडा हें नांदेड-हिंगोली रस्त्यावरील, कळमनुरी तालुक्यांतील गांव. इसापूर धरणाच्या पाण्यानें या टापूंत ऊंस आणि केळी यांचें राज्य सुरू झालें, आणि त्यांच्या जोडीला हळदीनेंहि आपलें ठाणें पक्कें केलें. हळद हें उतावळ्या माणसाचें पीक नव्हे. उन्हाळ्याच्या अखेरीस बेणें जमिनींत जातें, तें आठ-नऊ महिन्यांनीं बाहेर निघतें. त्यानंतर ती उकडावयाची, दहा-पंधरा दिवस उन्हांत वाळवावयाची, घांसून चकचकीत करावयाची. आणि पांच क्विंटल ओल्या हळदीची सुमारें एक क्विंटल वाळली हळद हातीं येते. इतका खटाटोप करून गाडी बाजारांत गेली म्हणजे व्यापारी मूठभर कांड्या उचलतो, एखादी मोडून आंतील रंग पाहतो आणि भाव सांगतो. त्याचा डोळा तरबेज असतो यांत शंका नाहीं. परंतु औषधांच्या आणि अर्कांच्या कारखानदाराला जें हवें असतें तें कर्क्युमिन नांवाचें द्रव्य. त्याचें प्रमाण जातीप्रमाणें, जमिनीप्रमाणें व उकडण्याच्या रीतीप्रमाणें २ टक्क्यांपासून ६ टक्क्यांपर्यंत, क्वचित त्याहूनहि पुढें, बदलतें; आणि तें डोळ्यानें नेमकें मोजतां येत नाहीं.

हळदींतील ज्ञानाची किंमत काय असूं शकते, याचा धडा हिंदुस्थानाला एकदां चांगलाच मिळाला आहे. १९९५ सालीं अमेरिकेंतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठीं हळद वापरण्याच्या युक्तीवर पेटंट मिळालें. जी गोष्ट इकडच्या घरोघरच्या आजीबाईला ठाऊक, तिची मालकी समुद्रापलीकडे गेली! त्या वेळीं वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते; गोव्यांतील माशेल येथें जन्मलेला हा रसायन अभियंता. परिषदेनें १९९६ सालीं पेटंटाला आव्हान दिलें. परंतु आजीबाईची साक्ष पेटंट कचेरींत चालत नाहीं. तेथें लेखी पुरावा लागतो. म्हणून जुने संस्कृत ग्रंथ धुंडाळण्यांत आले, भारतीय वैद्यक मंडळाच्या नियतकालिकांतील १९५३ सालचा एक लेख पुढें ठेवण्यांत आला, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. यांतूनच पुढें २००१ सालीं आयुर्वेदादि शास्त्रांतील योग पांच परकीय भाषांत नोंदवून ठेवणाऱ्या पारंपरिक ज्ञानाच्या ग्रंथालयाचें काम सुरू झालें.

हा विजय मोठाच. पण तो कुंपण घालण्याचा विजय होता. कुंपण घातल्यानें शेतांत नवें कांहीं उगवत नाहीं. नवें उगवावें म्हणून सरकार सामान्यतः जो मार्ग धरतें तो अनुदानाचा. २०२० सालच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेंत भांडवली खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची सोय करण्यांत आली. खेड्यांतील तरुणाला बँकेच्या दारांत उभें राहण्याचें बळ अशा योजनेनें येतें, हें मान्य केलेंच पाहिजे. तथापि यंत्राच्या किंमतीवर अनुदान दिलें म्हणजे लोक यंत्रें घेतात. आणि तेंहि शेजाऱ्यानें घेतलें तेंच. एका गांवीं हळद दळण्याची गिरणी निघाली कीं पुढच्या गांवीं दुसरी निघते, आणि दोघेहि तीच पूड तशाच पुड्यांत भरून त्याच दुकानदाराकडे जातात. याला उद्योग म्हणतां येईल, नवनिर्मिति म्हणतां येणार नाहीं. कोणतें बेणें लावल्यास, किती वेळ वाफेवर उकडल्यास आणि कसें वाळवल्यास अधिक कर्क्युमिन टिकतें हें शोधून काढण्याला जो खर्च आणि जोखीम लागते, तिच्यासाठीं लोखंडाच्या वजनावर मोजलेलें अनुदान उपयोगीं पडत नाहीं.

याच्या उलट दुधाच्या धंद्याची एक कथा आहे. गेल्या शतकापूर्वीं अमेरिकेंत दूध मापानें विकलें जाई. साहजिकच पाणी घालणाराचें फावे आणि चांगली गाय पाळणारा मूर्ख ठरे. १८८७ सालच्या कायद्यानें तेथील सरकारनें प्रांतोप्रांतीं शेतकी प्रयोगशाळांना पैसा पुरवण्यास प्रारंभ केला. विस्कॉन्सिन येथील अशा प्रयोगशाळेंत स्टीफन बॅबकॉक यांनीं १८९० सालीं दुधांतील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत काढली. त्यांनीं तिचें पेटंट घेतलें नाहीं. थोडें आम्ल, एक नळी आणि एक फिरतें यंत्र. गांवच्या दूधकेंद्रावरहि जमेल अशी ती परीक्षा. स्निग्धांशावर भाव मिळूं लागतांच उत्तम जनावर, उत्तम चारा, स्वच्छ भांडें यांवर खर्च करणें शहाणपणाचें ठरलें. कोणीं गवळ्यांना नवनिर्मितीवर व्याख्यानें दिलीं नव्हतीं.

आतां माप असलें म्हणजे झालें, असेंहि नाहीं. उंसाचेंच पाहा. केंद्र सरकार ठरवतें तो दर साखरेच्या उताऱ्याशीं बांधलेला आहे. पण तो उतारा संबंध कारखान्याचा सरासरी. डोंगरकड्याच्या एखाद्या शेतकऱ्यानें जिवापाड मेहनत करून गोड ऊंस पिकवला, तरी त्याची गोडी शेजाऱ्याच्या फिक्या उंसांत मिसळून जाते, आणि त्याला मिळतो तो सगळ्यांचा भाव. माप आहे, परंतु तें माणसापर्यंत पोंचत नाहीं.

हळदीच्या बाबतींत नांवाची तजवीज झाली आहे. वर्ध्याकडील वायगांवच्या हळदीला २०१६ सालीं, सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं आणि वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मानांकन मिळालें म्हणजे त्या मुलखांतील प्रत्येकाच्या पोत्यावर शिक्का उमटतो, अशी समजूत पुष्कळांची असते. तसें नाहीं. पिकवणाऱ्यानें अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करावी लागते, आणि दर दहा वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण व्हावें लागतें. शिवाय नांव गुणाची ग्वाही देत असेल तरच दूरचा गिऱ्हाईक त्याला चार पैसे अधिक मोजील.

वसमतला हळदीच्या संशोधनाचें व प्रशिक्षणाचें केंद्र काढण्यासाठीं २०२२ सालच्या राज्य अर्थसंकल्पांत १०० कोटी रुपयांची घोषणा झाली. परभणीचें कृषि विद्यापीठ तर १९७२ पासून उभें आहे. विद्वत्तेची वाण नाहीं. याच जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होऊं घातली आहे. २०२३ सालीं केंद्रीय मंत्रिमंडळानें तिच्यासाठीं सुमारें २६०० कोटी रुपयांस मान्यता दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंत प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनहि सूक्ष्म असा फरक तेथें मोजला जावयाचा आहे. ज्या जिल्ह्यांत विश्वाचा कंप इतक्या बारकाईनें मोजण्याची सिद्धता चालली आहे, त्याच जिल्ह्यांत हळद कांडी मोडून पाहण्यावर विकली जावी, ही विसंगति वेधशाळेच्या निंदेसाठीं सांगितलेली नाहीं. शुद्ध विद्या आपल्या जागीं हवीच. फक्त कर्क्युमिन मोजण्याला तसल्या अद्भुत यंत्राची गरज नाहीं. हळदीचा अर्क काढून तो प्रकाश किती शोषतो हें पाहिलें कीं प्रमाण कळतें; साध्या रसायनशाळेंत होणारें हें काम आहे.

सरकारनें करावयाचें तें येथें. बाजार समितीच्या आवारांतच परीक्षेची सोय हवी, शुल्क शेतकऱ्याला झेपेल इतकें हवें, आणि निकाल लिलावापूर्वीं, ज्याच्या त्याच्या ढिगावर लिहिलेला हवा. व्यापाऱ्याचा रोष सुरुवातीस होईल. पण अधिक अर्क निघणारा माल ओळखतां आल्यास लाभ त्याचाहि आहे. संशोधन केंद्रानें त्या हजारों नोंदी जमवून, कोणत्या बेण्यानें कोणत्या जमिनींत काय दिलें, याचा तक्ता दर हंगामाला प्रसिद्ध करावा. मग वाफेचें यंत्र बनवणारा नांदेडचा कारागीर, अर्क काढणारा रसायनज्ञ आणि बेणें विकणारा रोपवाटिकावाला यांना कशावर डोकें चालवावें हें त्या आंकड्यांवरून उमगेल.

हळदीच्या लागवडीच्या दिवसांत डोंगरकड्याच्या शेतकऱ्यापुढें प्रश्न असतो तो हा: नेहमींचें सेलम लावावें, कीं अधिक कर्क्युमिनचें पण कदाचित् कमी उताऱ्याचें बेणें धाडसानें आणावें? फाल्गुनांत त्याच्या ढिगाला ढिगाचाच भाव मिळणार असेल, तर तो सेलमच लावील.